शिष्यवृत्ती थांबली, बाबासाहेब थांबले नाहीत

निकालाचे दिवस आले की आमच्या दारात काही चेहरे हमखास दिसतात. पास झालेली मुले पेढे घेऊन येतात आणि नापास झालेली रिकाम्या हाताने, मान खाली घालून येतात. असाच एक मुलगा परवा आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. विषय राहिले, इयर डाऊन झाले. महाविद्यालयाच्या खिडकीवर त्याला तोंडी सांगण्यात आले की आता शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होणार नाही. फी भरा, नाहीतर दाखला घेऊन जा. बाप बांधकामावर बिगारी आणि आई चार घरची भांडी घासणारी. फी कुठून भरणार? मुलाने वसतिगृहातली पेटी आवरून ठेवली होती. आमच्याकडे तो सल्ला मागायला आलाच नव्हता. कुठे कंपनीत चिकटवून देता का, एवढेच विचारायला आला होता.

आम्ही त्याला विचारले की बाबा रे, अर्ज केलास का? लेखी कारण मागितलेस का? प्राचार्यांना भेटलास का? तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला की नापास झालेल्याने कोणत्या तोंडाने मागायचे? आम्हाला त्याच्या नापास होण्याचे दुःख झाले, पण त्याहून अधिक दुःख झाले ते या वाक्याचे. शिष्यवृत्ती बंद झाली म्हणजे आपली लायकीच संपली, असे या मुलाने स्वतःच ठरवून टाकले होते. हजारो वर्षे ज्यांना शिकण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्यांच्या लेकरांच्या मनात ही शंका किती लवकर घर करते! व्यवस्थेने ढकलण्याआधीच आमची मुले दारातून बाहेर पडतात.

म्हणून आज आम्ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राचा एक भाग वाचकांपुढे ठेवणार आहोत. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. पण १९०७ ते १९२३ या सोळा वर्षांत बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पैसा कुठून आला, तो किती वेळा तुटला आणि तुटल्यावर त्यांनी काय केले, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. शिष्यवृत्ती बंद झालेला विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांकडे पाहायला आपण विसरलो आहोत.

सुरुवात गुणांपासूनच करू या. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढा, अडतीसच्या आतच येते. आज कोणी हा आकडा सांगितला तर गुणवत्तेचे ठेकेदार नाक मुरडतील. पण त्या काळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. सुभेदार रामजींनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला कॉलेजात घातले, पण पुढे त्यांचाही हात आखडला. तेव्हा केळुसकर गुरुजींनी खटपट करून महाराजा सयाजीराव गायकवाडांची भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे पहिल्या पायरीवरच पाहा. गुण होते २८२, पण त्या गुणांमागचा मुलगा ओळखणारा एक शिक्षक उभा राहिला आणि तो दाता शोधत हिंडला. मुलाची गुणपत्रिका वाचणारे पुष्कळ असतात. मुलगा वाचणारा एखादाच असतो.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घराचा आधार तुटला. अशा वेळी बडोदा सरकारने परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिकून परत आल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

पहिले काही महिने तिथेही मन इकडेतिकडे रमले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. नवे शहर, नवी मोकळीक. जातीचा शिक्का नसलेल्या टेबलावर बसून जेवण्याचा आयुष्यातला पहिला अनुभव. बावीस वर्षांचा तरुण थोडा भुलला तर त्यात नवल काय? पण लवकरच त्यांनी स्वतःला सावरले, आणि मग जो अभ्यास केला त्याला तोड नाही. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्रही. प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरील प्रबंधावर १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावरचा पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. शिष्यवृत्तीची तीन वर्षे संपत होती आणि विद्यार्थ्याची भूक वाढत होती. लंडनला जाऊन अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरी, दोन्ही मिळवायच्या होत्या.

इथे पहिली गाठ आली. मुदत संपली म्हणजे पैसे बंद. बाबासाहेबांनी मुदतवाढ मागितली. थोडी वाढ मिळाली, पण सगळा अभ्यासक्रम पुरा होईल इतकी नाही. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी आपल्या विद्यार्थ्याची ओळख लंडनच्या विद्वानांना करून दिली. १९१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. अभ्यास रंगात आला असताना बडोद्याच्या दिवाणांकडून कळवण्यात आले की शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे, परत या. साल १९१७. हाती असलेले शिक्षण अर्धे. डी.एस्सी. अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा कागदोपत्री पुरी नव्हती, कारण त्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी हाती पडत नसे, आणि छापायला पैसा नव्हता.

वाचकहो, आता नीट लक्ष द्या. पैसे बंद झाल्याचे कळल्यावर आणि बोटीत पाय ठेवण्याआधी बाबासाहेबांनी काय केले? ते रडत बसले नाहीत, रागाने दाखला फाडून निघाले नाहीत. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या सहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन आपला अभ्यास पुढे चालू करता येईल. पैसा बडोद्याच्या हातात होता. तो थांबला, तेव्हा त्यावर त्यांचा इलाज नव्हता. पण प्रवेश विद्यापीठाच्या हातात होता, आणि तो जिवंत ठेवणे शक्य होते. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. दार बंद होणार हे दिसताच त्यांनी दारात पाय रोवून ठेवला. आमच्या मते त्यांच्या शिक्षणाच्या साऱ्या कहाणीत या एका परवानगीएवढा मोलाचा कागद दुसरा नाही. तो नसता तर पुढचे डॉक्टर आंबेडकर कदाचित अर्ध्या वाटेवरचे आंबेडकर राहिले असते.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या बोटीने येत होते ती बोट शत्रूने बुडवली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले. बडोद्याला करार पाळायला जायचे होते, आणि खिशात भाड्यालाही पैसे नव्हते. तेच ६०० रुपये कामी आले. ज्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली, तो त्या पुस्तकांच्या भरपाईवर नोकरीला निघाला!

बडोद्यात काय घडले ते प्रत्येक आंबेडकरी घरात माहीत आहे. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली, पण शिपाई लांबून फाईली टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला तर काठ्या घेऊन जमाव आला. कोलंबियाचा हा पंडित कामाठी बागेतल्या झाडाखाली बसून ढसाढसा रडला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. दहा वर्षे नोकरीचा करार होता; त्या शहराने त्यांना पुरे दोन आठवडेही राहू दिले नाही. पुढे त्याच बडोदा संस्थानाच्या दप्तरातून शिक्षणावर खर्च झालेल्या रकमेची मागणी त्यांच्याकडे झाली आणि बराच काळ ती टांगती राहिली. अखेर संस्थानाने ती सोडून दिली. नियमाच्या चौकटीत पाहिले तर विद्यार्थ्याने करार मोडला, पैसे परत करावे. पण करार कोणी मोडला? नोकरी सोडणाऱ्याने, की डोक्यावर छप्पर न देणाऱ्या जातिव्यवस्थेने? आजही अहवालात विद्यार्थी गैरहजर, विद्यार्थी अनुत्तीर्ण, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सोडला, एवढेच लिहिले जाते. का सोडला, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो. तो रकाना आपल्यालाच अर्जाने भरावा लागतो.

१९१७ च्या अखेरीस हिशेब मांडला तर काय दिसते? वय सव्वीस, शिष्यवृत्ती बंद, नोकरी नाही, वडील नाहीत, संसाराचा भार डोक्यावर आणि पदव्या अर्धवट. असा मुलगा आज आपल्या गल्लीत असता तर लोक म्हणाले असते की शिकला पण फुकट गेला. बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली, गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला. जात कळताच गिऱ्हाईक आटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. त्या काळी हा पगार मोठा होता. पण बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले आणि रुपया रुपया बाजूला टाकू लागले. माता रमाईने घरखर्चाला मोजून मिळालेल्या पैशांत संसार चालवला. लंडनच्या पदवीत त्या माउलीच्या अर्ध्या भाकरीचा वाटा आहे, हे आम्हाला इथे कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते.

चार वर्षांची मुदत डोक्यावर टिकटिक करीत होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज, अशी तीन ठिकाणची मोट बांधून जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता. मधल्या अडीच-तीन वर्षांत ते स्वस्थ बसले नव्हते. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. समाजासाठी काम करायचे म्हणून अभ्यास सोडला असे त्यांनी केले नाही, आणि अभ्यास करायचा म्हणून समाज सोडला असेही केले नाही. चळवळीत पडलो म्हणून वर्ष गेले असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

लंडनचे ते दिवस उपासाचे होते. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. सकाळी पावाचा तुकडा, रात्री भूक मारायला पापड. बस परवडत नाही म्हणून पायपीट. जून १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले. आणि मग एक अशी आपत्ती आली जिचा दोष कोणत्याही विद्यार्थ्याला देता येणार नाही. रुपयाचा भाव कोसळला. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये तो एक शिलिंग तीन-चार पेन्सांच्या आसपास आला. मुंबईत साठवलेले रुपये तेवढेच, पण लंडनमध्ये त्यांचे पौंड फार कमी होऊ लागले. जो विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता, त्याचीच चूल रुपयाच्या प्रश्नाने विझवायला घेतली!

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिले आणि २०० पौंडांचे कर्ज मागितले. त्या पत्राची बांधणी प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. पहिले, अडचण कशाने आली ते स्पष्ट सांगितले आहे: विनिमयाच्या दराने घात केला. दुसरे, किती रक्कम हवी तो आकडा दिला आहे. तिसरे, ती कशासाठी लागणार हे सांगितले आहे: कायद्याच्या शिक्षणाचे पैसे भरायचे आणि मायदेशी परतायचे. चौथे, परत आल्यावर ती रक्कम व्याजासह फेडण्याची तयारी दाखवली आहे. त्यात रडगाणे नाही, लाचारी नाही, खोटी स्तुती नाही. मागणारा माणूस ताठ उभा राहून मागतो आहे. अर्ज कसा लिहावा हे शिकवायला आम्हाला दुसरे पुस्तक नको.

आता आमच्या त्या इयर डाऊन झालेल्या मुलासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट. ऑक्टोबर १९२२ मध्ये बाबासाहेबांनी रुपयाचा प्रश्न हा डी.एस्सी.चा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. मार्च १९२३ मध्ये काय झाले? प्रबंध परत आला! परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. पुन्हा लिहून आणा असे सांगितले. त्यात ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावर घणाघाती टीका होती आणि ती परीक्षकांना झोंबली. कारण काहीही असो, कागदावरचा निकाल एकच होता: पदवी नाही. खिसा रिकामा झालेला. अशा अवस्थेत त्यांनी लंडन सोडले आणि एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले. ज्ञानाचे प्रतीक म्हणून आज ज्यांचे पुतळे गावोगावी उभे आहेत, ते त्या दिवशी बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातात नाकारलेला प्रबंध होता.

त्यांनी मुंबईत बसून तो प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी सुधारली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला, नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला आणि ते डी.एस्सी. झाले. डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो ग्रंथ छापला. आई-वडिलांच्या स्मृतीस तो अर्पण केलेला आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली छापला गेला आणि १९२७ साली पीएच.डी.चा कागदही हाती आला. हा दुसरा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञतेने अर्पण केला आहे. बडोद्याने काय दिले आणि बडोद्याने काय भोगायला लावले, या दोन्हींचा हिशेब त्यांनी वेगवेगळा ठेवला. १९१३ साली सुरू झालेले तीन वर्षांचे शिक्षण कागदोपत्री पुरे व्हायला चौदा वर्षे लागली. आजच्या नियमाच्या पट्टीने मोजले तर समाधानकारक प्रगती नसलेला विद्यार्थी असा शेरा बाबासाहेबांच्या नावापुढे सहज पडला असता!

पण ही कहाणी एका माणसाच्या जिद्दीवर संपवली तर ती अर्धीच राहील. स्वतःच्या अनुभवातून बाबासाहेबांनी काय निष्कर्ष काढला ते पाहिले पाहिजे. सयाजीराव आणि शाहू महाराज हे थोर होते, यात शंका नाही. पण राजाची मदत ही अखेर राजाची मर्जी असते. दिवाणाचे एक पत्र आले की ती थांबते. एका भीमरावाला केळुसकर भेटले, भथेना भेटले. लाखो भीमरावांना ते भेटणार नाहीत. म्हणून मदतीचे रूपांतर हक्कात झाले पाहिजे, ती सरकारच्या तिजोरीतून आणि नियमाने मिळाली पाहिजे. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी चार महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. सरकारला ती मानावी लागली आणि दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. आज ज्या फॉर्मवर आमची मुले कंटाळून सही करतात, त्या फॉर्मच्या मुळाशी १९१७ साली लंडन सोडून निघालेल्या एका विद्यार्थ्याची वेदना आहे. त्यांचे जे तुटले, ते दुसऱ्याचे तुटू नये म्हणून हा फॉर्म जन्माला आला.

हक्क म्हटला की नियम आले, आणि नियम आले की दाद मागण्याची वाट आली. आमच्या किती विद्यार्थ्यांना हे नियम माहीत आहेत? १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमावलीचेच उदाहरण घ्या. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटातील अभ्यासक्रमात विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तरी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करता येईल, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्यांदा नापास झाल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याने स्वतः करायचा होता. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या अन्य प्रसंगामुळे परीक्षेला बसता आले नाही, तर वैद्यकीय दाखला जोडून आणि संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र घेऊन नूतनीकरण मागता येत होते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाची नियमावली मागून घ्या आणि स्वतः वाचा. खिडकीवरच्या कारकुनाचे तोंडी उत्तर म्हणजे शासनाचा निर्णय नव्हे. नकार लेखी मागा. प्राचार्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जा. कारण दडवले जात असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग करा.

आणि अर्जात काय लिहाल? बाबासाहेबांनी जे लिहिले तेच. काय घडले ते खरे लिहा: आजारपण असेल, घरात मृत्यू झाला असेल, रात्रपाळीची नोकरी करावी लागली असेल, जातीवरून छळ झाला असेल. जे लिहाल त्याचा कागद जोडा. आता काय बदलले आणि राहिलेले विषय कधी, कसे सोडवणार ते लिहा. तुम्हाला ओळखणाऱ्या एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडा. आणि निर्णय काहीही होवो, प्रवेश रद्द करू नका. पुन्हा प्रवेशाची मुदत किती आहे ते विचारून लेखी घ्या. कॅनन साहेबांच्या सहाय्याने मिळवलेली ती चार वर्षे आठवा.

शेवटी चार शब्द आमच्या समाजबांधवांना. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलाने खायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आपणच आहोत. १४ एप्रिलला एका रात्रीत वाजणाऱ्या डीजेच्या भाड्यात किती मुलांची परीक्षा फी भरली जाईल याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा करून पाहावा. जयंती जरूर साजरी करा, थाटात करा. पण वस्तीतल्या ज्या मुलाचे वर्ष गेले आहे त्याच्या दारात जयंतीआधी कोणी जाते का? नोकरदार बंधूंनो, आपण शिष्यवृत्तीवर शिकलो. आपल्यापैकी किती जण कुणाचे तरी नवल भथेना झाले? आमच्यातल्या प्राध्यापकांनो, आपण किती विद्यार्थ्यांचे कॅनन झालो? बाबासाहेबांनी सोलापूरचे वसतिगृह काढले, ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वाटेत अडलेल्या विद्यार्थ्याला हात देणे हे चळवळीचे फावल्या वेळचे काम नाही, चळवळच आहे.

त्या मुलाला आम्ही चहा पाजला आणि कागद-पेन पुढे केले. दोन तास लागले. पहिला मसुदा त्याने इतका गयावया करून लिहिला होता की आम्ही तो बाजूला ठेवायला लावला. दुसऱ्यात त्याने लिहिले की सत्राच्या मध्यावर बाप परातीवरून पडला, सव्वा महिना तो रुग्णालयात होता आणि आपण त्याच्या उशाशी होतो. ही गोष्ट त्याने महाविद्यालयात कुणालाच सांगितली नव्हती! कुणी विचारलेही नव्हते. दवाखान्याचे कागद जोडून अर्ज गेला, पोच घेतली. हे लिहीत असेपर्यंत उत्तर आलेले नाही. ते काय येईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण कालच त्याचा निरोप आला की वसतिगृहातली पेटी त्याने पुन्हा उघडली आहे आणि पुस्तके फळीवर लावली आहेत.

जय भीम!